ओसरी आणि खोली



आज आपण गोरगरिबांचा जागतिक दिन पाळत आहोत. पोप फ्रान्सिस यांनी 2016 साली या दिवसाची घोषणा केली आणि 2017 पासून सामान्य काळातील तेहतिसाव्या रविवारी तो जगभरच्या ख्रिस्तसभेत पाळला जातो. या दिवशी आपण मिस्सानंतर गरिबांना जेवण देतो, कपडे वाटतो, दानपेटीत थोडे अधिक टाकतो. हे सारे चांगले आहे आणि ते थांबू नये. पण यंदा त्याच्या पुढचे एक पाऊल आपण टाकू शकू का, हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवत आहोत. त्याला कारण घडले आहे.

गेली सहा-सात वर्षे आपल्या चर्चच्या ओसरीवर एक गृहस्थ झोपत असत. लहानथोर सगळे त्यांना काका म्हणत. गळ्यात स्कॅप्युलर, उशाशी कापडी पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले इस्पितळाचे कागद. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद त्यांना डबा देत. कोणीतरी गोधडी आणून दिली होती. त्यांचे मन ताळ्यावर नसले की ते मोठमोठ्याने बोलत आणि मग आमच्याकडे तक्रारी येत. तीन वेळा आपण त्यांना इस्पितळात दाखल केले. तिन्ही वेळा ते बरे होऊन परत आले आणि तिन्ही वेळा काही आठवड्यांतच पुन्हा बिघडले. एकदा आम्ही रागावूनच विचारले, "काका, गोळ्या वेळेवर का घेत नाही?" ते शांतपणे म्हणाले, "फादर, त्या गोळीने गाढ झोप लागते. उघड्यावर झोपणाऱ्याने गाढ झोपायचे नसते. पिशवी जाते."

या उत्तरावर आमच्यापाशी शब्द नव्हता. आम्ही त्यांना आजारी मानत होतो, हट्टी मानत होतो, पण त्यांचे म्हणणे अगदी शहाणपणाचे होते. औषध होते, डॉक्टर होते, जेवण होते. ते औषध घेऊन निर्धास्त झोपता येईल असे एक दार मात्र नव्हते.

यंदा जुलैमध्ये सलग तीन दिवस पाऊस लागला. ओसरीवर वाछट येत होती. काकांना न्यूमोनिया झाला आणि चौथ्या दिवशी ते गेले. मृत्यूच्या नोंदीसाठी फॉर्म भरताना कायमच्या पत्त्याचा रकाना आला. कारकुनाने आमच्याकडे पाहिले आणि आपल्या चर्चचाच पत्ता लिहिला. जिवंतपणी मिळाला नाही तो पत्ता त्यांना असा मिळाला. आपल्या दफनभूमीत त्यांना जागा दिली गेली. त्या जागेसाठी कोणी डिपॉझिट मागितले नाही, कोणी चारित्र्याचा दाखला मागितला नाही, आधी सुधारा आणि मग या, असे कोणी म्हटले नाही. मातीखालची जागा आपण बिनशर्त दिली. मातीवरची जागा देता आली नाही. देता आली नाही की आपण दिली नाही, हे आज प्रभूसमोर प्रामाणिकपणे पाहायचे आहे.

पन्नास वर्षांची रांग

हा प्रश्न केवळ आपल्यापुढेच उभा राहिला आहे असे नाही. दूर न्यूयॉर्क शहरात, मॅनहॅटनच्या पश्चिम 31 व्या रस्त्यावर, असिसीच्या संत फ्रान्सिसचे चर्च आहे. फ्रान्सिस्कन धर्मबंधू ते चालवतात. महामंदीच्या काळात, 1930 च्या सुमारास, त्यांनी सकाळी भुकेल्यांना पाव देण्यास सुरुवात केली. ती पावाची रांग पुढे कधी बंद पडली नाही. पन्नास वर्षे रांगेत माणसे येत राहिली, पाव घेत राहिली आणि रस्त्यावर परत जात राहिली. ती चर्चची ओसरी होती, असे आपण म्हणू.

1970 च्या दशकात त्या रांगेतले चेहरे बदलू लागले. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. 1955 साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. नवी औषधे आली, रुग्णांना डांबून ठेवणे अन्यायाचे आहे हा विचार पुढे आला आणि पुढील पंचवीस वर्षांत त्यातील बहुतेकांना बाहेर सोडण्यात आले. विचार चांगला होता. परंतु बाहेर त्यांच्यासाठी जी सोय उभारायला हवी होती, ती फारशी उभारलीच गेली नाही. माणसे शहरातील स्वस्त हॉटेलांच्या एकेका खोलीत राहू लागली.

ही हॉटेले म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. मुंबईत धोबी तलावच्या जेर महालात आणि आसपास गोवेकरांचे कूड होते, काही अजूनही आहेत. बोटीवर जाणारा तारवटी, स्वयंपाकी, वाजंत्री अशा कुणालाही आपल्या गावाच्या कुडात नाममात्र पैशात ट्रंक ठेवायला आणि अंग टाकायला जागा मिळे. न्यूयॉर्कची हॉटेलेही अशीच एकट्या कष्टकऱ्यांची होती. खोली लहान, संडास-मोरी सामाईक, भाडे आठवड्याचे. एक फरक मात्र मोठा होता. कुडात वेदी होती, संध्याकाळी सर्वांना रोझरीला बसावे लागे, कोणी आजारी पडला तर गाववाला त्याच्याकडे पाहत असे. न्यूयॉर्कच्या त्या हॉटेलांत खोली होती, पण पाहणारे कोणी नव्हते.

मग त्या खोल्याही गेल्या. शहराचा भाव वाढला. मालकांना श्रीमंत भाडेकरू आणि पर्यटक हवे होते आणि अशा इमारतींचे रूपांतर करणाऱ्यांना शहराकडून करसवलतही मिळत होती. 1970 ते 1982 या काळात एक लाखाहून अधिक स्वस्त खोल्या नाहीशा झाल्या. चर्चजवळच्या अ‍ॅबर्डीन नावाच्या हॉटेलात फादर जॉन मॅकव्हीन आणि फादर जॉन फेलिस हे दोघे धर्मबंधू मनोरुग्ण रहिवाशांना भेटायला जात असत. त्यांच्याबरोबर बसत, औषधांची चौकशी करीत. एके दिवशी कळले की ते हॉटेलही पर्यटकांसाठी सजवले जाणार आहे आणि या माणसांना बाहेर पडावे लागणार आहे.

आता काय करायचे? आणखी पाव वाटायचे? आणखी चार गोधड्या? फादर थॉमस वॉल्टर्स यांच्यासह या धर्मबंधूंनी 1980 साली एक ना-नफा संस्था स्थापन केली आणि पूर्व 24 व्या रस्त्यावरचे एक मोडकळीस आलेले हॉटेल चक्क विकत घेतले. प्रत्येकाला स्वतःची खोली, खोलीची किल्ली, आणि त्याच इमारतीत परिचारिका, मानसोपचार तज्ज्ञ व समाजसेवक. औषधांची आठवण करून देणारे, पैशांचा हिशेब ठेवायला मदत करणारे, जेवणाच्या टेबलावर कोण आज आले नाही हे पाहणारे कोणीतरी तेथे असे. रहिवाशांना सरकारकडून अपंगत्वाचा भत्ता मिळे, त्यातून ते आपले भाडे देत. मुदत नव्हती. हवे तितकी वर्षे राहावे आणि तेथेच म्हातारे व्हावे. अशी तीन घरे त्या दशकात उभी राहिली. घर आणि आधार एकाच छपराखाली देण्याची जी पद्धत आज अमेरिकेत सर्वत्र माहीत आहे, तिच्या आरंभीच्या उदाहरणांत या घरांची गणना होते.

बंधुभगिनींनो, या गोष्टीतली एक बाब आपण मनात ठेवू या. पावाची रांग त्यांनी बंद केली नाही. पण पन्नास वर्षे पाव दिल्यावर त्यांना कळले की रांगेतला माणूस रोज परत येतो, कारण त्याला जायला दुसरीकडे कोठे जागाच नाही.

शोमरोनी माणसाने काय केले?

संत लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. पण आपण ती बहुधा अर्ध्यावर थांबवतो. त्याने जखमा बांधल्या, तेल व द्राक्षारस ओतला, येथे आपले प्रवचन संपते. गोष्ट मात्र पुढे जाते. त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले. रात्रभर स्वतः त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दिनार दिले, याच्याकडे लक्ष ठेव असे सांगितले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना तोही देईन, असा शब्द दिला.

पाहा, यात चार गोष्टी आहेत. छप्पर आहे. लक्ष ठेवणारा माणूस आहे. खर्चाची तरतूद आहे. आणि परत येण्याचे वचन आहे. यांतली एक जरी काढली तरी तो जखमी माणूस पुन्हा यरीहोच्या रस्त्यावर पडला असता. आपण काकांना तेल आणि द्राक्षारस दिला. उतारशाळेपर्यंत आपण गेलोच नाही.

दुसरी गोष्ट उधळ्या पुत्राची. तो परत येताना मनात एक भाषण तयार करून आला होता. मी पापी आहे, मला चाकर म्हणून ठेवा, असे त्याला म्हणायचे होते. बापाने ते भाषण पुरते ऐकूनही घेतले नाही. आधी झगा, आधी अंगठी, आधी पायांत जोडे. त्याने मुलाला असे सांगितले नाही की, सहा महिने गोठ्यात राहा, दारू सोडलीस हे दाखव, मग घरात घेऊ. मुलगा घरात आला म्हणूनच पुढे त्याचे सुधारणे शक्य झाले.

देवाची कृपा आपल्या पुण्याची वाट पाहत बसत नाही, ती आपल्या आधी चालते, हे ख्रिस्तसभेचे जुने शिक्षण आहे. आपल्यापैकी कोणीही लायक ठरल्यावर स्नानसंस्कार घेतलेला नाही. आणि संत थॉमस अक्वायनस यांनी आणखी एक व्यवहारी गोष्ट शिकवली आहे. माणसाला सद्गुणाने जगायचे असेल तर शरीराच्या गरजांपुरत्या वस्तू त्याच्याजवळ असाव्या लागतात आणि त्या मिळतील असे पाहणे हे राज्यकर्त्याचे काम आहे. ज्याला रात्री पिशवी सांभाळत जागावे लागते, त्याच्याकडून आपण सकाळी संयमाची अपेक्षा करतो. हे न्यायाचे नाही.

हाच विचार पुढे न्यूयॉर्कमध्ये सॅम सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने 1992 साली व्यवहारात आणला. आधी व्यसन सोडा, आधी उपचार घ्या, मग घर, ही अट त्यांनी काढून टाकली. आधी घर द्यायचे आणि मदत घेऊन दाराशी जात राहायचे. बहुतेक जण घरात टिकले. कॅनडात 2009 ते 2013 या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर मनोरुग्णांबरोबर याची पडताळणी झाली. ज्यांना आधी घर मिळाले ते इतरांपेक्षा कितीतरी अधिक काळ घरात टिकले. व्यसन मात्र केवळ घर मिळाल्याने सुटले नाही. हे आपण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घर हे औषध नव्हे. औषध घेता येईल अशी ती जागा आहे.

मनातले आक्षेप

आपल्यात एक म्हण आहे, ओसरी दिली की माणूस हातपाय पसरतो. आमच्या कानावर ही म्हण गेल्या चार महिन्यांत अनेकदा आली. त्यामागची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. तीन आक्षेप आम्ही ऐकले, त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप पैशांचा. इतका खर्च कोणी करायचा? न्यूयॉर्कमध्ये 1990 साली शहर व राज्य सरकार यांनी करार करून बेघर मनोरुग्णांसाठी अशी हजारो घरे उभारण्यास प्रारंभ केला. पुढे डेनिस कल्हेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या घरांत गेलेल्या 4,679 माणसांचा हिशेब तपासला आणि 2002 साली तो प्रसिद्ध केला. घर मिळण्यापूर्वी असा एक माणूस निवारागृहे, इस्पितळे, तुरुंग यांच्या फेऱ्यांत सार्वजनिक तिजोरीचे वर्षाला सुमारे 40 हजार डॉलर खर्च करीत होता. घर मिळाल्यावर त्यात सुमारे 16 हजार डॉलरची घट झाली. घर आणि आधार पुरवण्याचा खर्च जवळपास तेवढाच आला. म्हणजे रस्त्यावर ठेवणे फुकट नसते. पैसे जातच असतात, फक्त माणूस बरा होत नाही. काकांच्या तीन वेळच्या इस्पितळाचा खर्च आपण कधी मोजला का?

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. आमच्या मुलाबाळांजवळ असली माणसे नकोत. टाइम्स स्क्वेअर हॉटेल नावाची 652 खोल्यांची जुनी इमारत मोडकळीला आली होती. तेथील लोकही घाबरलेले होते. रोझॅन हॅगर्टी या त्यापूर्वी कॅथलिक चॅरिटीजमध्ये घरबांधणीचे काम केलेल्या तरुणीने 1990 मध्ये संस्था स्थापन करून ती इमारत घेतली. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. सगळे रुग्ण एकत्र कोंबले नाहीत. कमी पगाराचे नोकरदार, नाटकांत काम करणारे कलावंत आणि रस्त्यावरून आलेली माणसे एकाच इमारतीत राहू लागली. तळमजल्यावर माणसांचा राबता ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याकडे लक्ष ठेवले. इमारत सुधारली आणि तिने गल्ली बिघडवली नाही. आणि आपल्यापुरते बोलायचे तर, ज्यांना आपण घरात घ्यायला घाबरतो ती माणसे आजही आपल्या शेजारीच आहेत. फक्त ती फाटकाबाहेर आहेत.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुरू कराल, पण चालवाल का? लॉस एंजलिसमध्ये 1989 साली स्थापन झालेल्या एका नावाजलेल्या ना-नफा संस्थेच्या 29 इमारती होत्या आणि त्यांत सुमारे दीड हजार गरीब माणसे राहत होती. इमारती जुन्या झाल्या, खोल्या रिकाम्या पडत गेल्या, भाड्याचे उत्पन्न आटले, दुरुस्त्या राहिल्या. 2023 साली संस्था कोलमडली आणि न्यायालयाला कारभार पाहण्यासाठी माणूस नेमावा लागला. हेतू चांगला होता. पण लिफ्टची दुरुस्ती हेतूने होत नाही. शोमरोनी माणसाने परत येऊन हिशेब चुकता करण्याचे वचन दिले होते, ते याचसाठी. सरकारचे मनही बदलते. आधी घर या तत्त्वाला अमेरिकेच्या केंद्र सरकारने अनेक वर्षे पाठिंबा दिला आणि 2025 मध्ये त्यापासून दूर जाण्याचे धोरण जाहीर केले. म्हणून जे आपल्याला वर्षानुवर्षे चालवता येणार नाही ते आपण सुरू करू नये. दोन खोल्या जमत असतील तर दोनच, पण त्या चालल्या पाहिजेत.

आपल्याकडे काय आहे?

कोणी म्हणेल, ही परदेशातील उदाहरणे झाली. तेथे भत्ता आहे, तेथे सरकारी पैसा आहे. खरे आहे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजना आहे, पण ठरावीक तारखेपूर्वीच्या झोपडीचा पुरावा असेल त्यालाच तिचा लाभ मिळतो. ज्याला झोपडीही नव्हती तो त्या यादीत नसतो. 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक रात्रंदिवस चालणारे निवारागृह असावे असे बजावले. ते फार गरजेचे होते. परंतु निवारागृह म्हणजे खाट. ती आज तुमची, उद्या दुसऱ्याची.

तरीही आपल्याकडे वाट दाखवणारी माणसे आहेत. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी यांनी 1988 पासून रस्त्यावरील मनोरुग्णांना उचलून, उपचार करून, देशभर त्यांच्या घरी पोचवण्याचे काम चालवले आहे. कर्जतला त्यांचे केंद्र आहे आणि 2018 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ज्यांना परत जायला घरच उरलेले नाही त्यांचे काय? चेन्नईच्या बॅनियन या 1993 साली सुरू झालेल्या संस्थेने त्याचे उत्तर शोधले. वर्षानुवर्षे संस्थेत अडकून पडलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी 2015 पासून साध्या वस्तीत साधी घरे भाड्याने घ्यायला सुरुवात केली. एका घरात चार-पाच जणी आणि सोबतीला एक मदतनीस. बाजारहाट त्यांचा, स्वयंपाक त्यांचा, शेजारपाजार त्यांचा. आणि आपल्या देशाचा 2017 चा मानसिक आरोग्य कायदा स्पष्ट सांगतो की मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. केवळ घर नाही किंवा घरचे घेत नाहीत म्हणून कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. हक्क कागदावर आला आहे. दार अजून यायचे आहे.

ख्रिस्तसभाही या बाबतीत गप्प राहिलेली नाही. 1987 हे बेघरांसाठीचे आंतरराष्ट्रीय वर्ष होते. त्या वर्षाच्या अखेरीस व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने घराच्या प्रश्नावर दस्तऐवज काढला, आणि त्याच्या शीर्षकातच आपल्याला विचारले की बेघर भावाचे तुम्ही काय केलेत. काइनाला विचारलेल्या प्रश्नाची ती आठवण आहे. पोप फ्रान्सिस 2015 साली वॉशिंग्टनमध्ये बेघरांना भेटले तेव्हा त्यांनी संत जोसेफची आठवण केली. जगाच्या तारणाऱ्याला जन्मायला घर नव्हते आणि कोणाला घर नसण्याचे कसलेही समर्थन असू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. 2019 साली व्हॅटिकनजवळचा एक जुना प्रासाद मोकळा झाला, तेव्हा त्याचे हॉटेल न करता त्यांनी तो बेघरांच्या मुक्कामासाठी दिला. पोप लिओ चौदावे यांनी 2025 साली दिलेले पहिले प्रेषितीय उद्बोधन गरिबांवरील प्रेमाविषयीच आहे.

आपल्या दोन खोल्या

आता आम्हाला एक कबुली द्यायची आहे. काकांना माती दिल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही जुन्या शाळेमागील दोन खोल्यांचे कुलूप काढले. मागील कित्येक वर्षे त्या बंद आहेत. आत काय आहे हे आपल्याला माहीत आहे. सणाच्या मंडपाचे कापड, तोरणे, दिव्यांच्या माळा आणि नाताळच्या गव्हाणीचे सगळे सामान. गाय, गाढव, मेंढपाळ, संत जोसेफ, पवित्र मरिया आणि कापसात जपून ठेवलेला बाळ येशू. छप्पर शाबूत आहे. पावसाचा एक थेंब आत आलेला नव्हता. तेथून ओसरी वीस पावलांवर आहे.

त्या दारात आम्ही बराच वेळ उभे राहिलो. बेथलेहेमात जागा नाकारणाऱ्यांना आपण दर वर्षी दोष देतो. त्यांच्या उतारशाळेत निदान खरोखर गर्दी होती.

हा दोष आम्ही कोणा एकावर टाकत नाही. पहिला दोष धर्मगुरू म्हणून आमचा आहे. किल्ली आमच्याच टेबलाच्या खणात होती.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मग्राम सभा भरेल. तिच्यापुढे आम्ही पुढील विचार मांडणार आहोत. या दोन खोल्या दुरुस्त करून तीन एकट्या माणसांना राहायला द्याव्यात. प्रत्येकाशी लेखी करार त्याच्या स्वतःच्या नावाने व्हावा, म्हणजे त्याला पत्ता मिळेल. किल्ली त्याच्या हातात असावी. मिळकत असेल त्याने तिचा एक लहान हिस्सा भाडे म्हणून द्यावा, कारण भाडे देणारा माणूस मान वर करून राहतो. धर्म विचारला जाऊ नये. व्यसन आहे म्हणून नाकारू नये. शेजाऱ्यांना इजा होणार नाही एवढे मात्र पाहावे. महिन्यातून दोनदा डॉक्टरांनी यावे. रोज संध्याकाळी आपल्यापैकी कोणीतरी दारावर टकटक करून जेवलात का, गोळी घेतलीत का, एवढे विचारावे. हिशेब वेगळा ठेवावा आणि दर तीन महिन्यांनी या पत्रकात छापावा. पाच वर्षांचा खर्च समोर दिसल्याशिवाय पहिली वीट हलवू नये.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी अवश्य यावे आणि बोलावे. आपल्या शंकांमुळेच काम पक्के होईल. ज्यांना पटते त्यांनी केवळ पैसे देऊन सुटका करून घेऊ नये. आम्हाला पैशांइतकीच संध्याकाळी टकटक करणाऱ्या माणसांची गरज आहे. आपल्या पूर्वजांनी गावागावाचे कूड चालवले. त्यांच्याजवळ आपल्याएवढा पैसा नव्हता. संध्याकाळच्या रोझरीला कोण आले नाही, हे मात्र त्यांच्या लक्षात येत असे.

आणखी दोन आठवड्यांनी आगमनकाळ सुरू होईल. तरुण मंडळी नेहमीप्रमाणे गव्हाणीचे सामान काढायला येतील आणि त्या दोन खोल्या दर वर्षीप्रमाणे रिकाम्या होतील. नाताळ संपल्यावर ते सामान परत तेथे ठेवायचे का, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे. बाळ येशूसाठी दुसरे एखादे कपाट आपण सहज शोधू. त्याला राग येणार नाही.

प्रार्थना करू या. हे प्रभू येशू, तू आमच्या ओसरीवर सहा वर्षे झोपलास आणि आम्ही तुला गोधडी दिली. आम्हाला क्षमा कर. आमच्या हातातील किल्ल्यांची आम्हाला आठवण दे, दार उघडण्याचे धैर्य दे, आणि दार उघडल्यावर तेथून पळून न जाण्याची चिकाटी दे. आमच्या काकांच्या आत्म्याला तुझ्या घरी चिरशांती लाभो. आमेन.

आपले प्रमुख धर्मगुरू